बटणाचा रंग ठरवायचा कोणी: प्रोग्रामने की थीमने?

उघडाकंस
जावा भाषेतल्या स्विंग या खिडक्या-बटणं बनवायच्या साधनसंचात एक जेबटण घ्या, पार्श्वभूमीचा रंग ठरवणाऱ्या सेटबॅकग्राउंडला लाल रंग द्या आणि विंडोजचा सिस्टिम लुक अँड फील (म्हणजे स्विंगची थीम) लावा. बटण करडं ते करडंच. फार तर कडेने लाल रंगाची बारीक पट्टी डोकावते. म्हणजे रंग पोचलाय, पण त्याच्यावर विंडोजने आपलं बटण आणून बसवलंय. हाच कोड मेटल या जावाच्या स्वतःच्या लुक अँड फीलवर चालवा, बटण निमूटपणे लाल होतं. एरर नाही, वॉर्निंग नाही. वर रंग सांगणाऱ्या गेटबॅकग्राउंडला विचारलं तर ते छातीठोकपणे सांगतं, "लाल".

दुखणं एकट्या स्विंगचं नाही. विंडोजसाठीच्या विनफॉर्म्स साधनसंचात व्हिज्युअल स्टाइल्स (विंडोजची थीम) चालू असल्या की प्रोग्रेसबारच्या फोरकलरला (पट्टीच्या रंगाला) कोणी विचारत नाही. पायथनमधल्या टीकेइंटरच्या साध्या बटणाला मॅकवर बीजी (पार्श्वभूमीचा रंग) देऊन बघा, तीच गत. त्याच्याच टीटीके या थीमवाल्या भागाची व्हिस्टा थीमही ढिम्म. क्लॅम ही दुसरी थीम लावली की लगेच ऐकते.

माझं म्हणणं: कोणी काहीच सांगितलं नसेल तेव्हा थीमने ठरवावं. प्रोग्रामरने मुद्दाम रंग मागितला असेल तर तो मिळालाच पाहिजे.

तिरपीरेघ
साफ असहमत. थीम वापरणाऱ्याच्या मशीनवरची. तिथे तुम्ही पाहुणे.

शिवाय हे का होतं तेही बघा. एके काळी बटण म्हणजे चार रेघा आणि आत सपाट भराव. तिथे दुसरा रंग भरणं निदान कल्पनेत तरी सोपं. 2001 मध्ये विंडोज एक्सपीबरोबर यूएक्सथीम हे थीम इंजिन आलं आणि बटणाची तयार चित्रं थीमच्या फाइलमधून येऊ लागली. साधं बटण, माउस वर आलेलं, दाबलेलं, निष्क्रिय, प्रत्येकाचं चित्र वेगळं, छटेसकट. त्यात 'बॅकग्राउंड' म्हणून सुटी काढता येईल अशी गोष्टच उरली नाही. तुमचा लाल भरायचा कुठे? करड्या छटेवर ओतला तर जे दिसेल ते तुम्हालाच बघवणार नाही.

क्यूटी या आणखी एका साधनसंचाच्या लोकांनी तर क्यूपॅलेटच्या (त्यातल्या रंगसंचाच्या) दस्तऐवजात लिहूनच ठेवलंय की विंडोज व्हिस्टा आणि मॅकओएस या स्टाइल्स नेटिव्ह (त्या सिस्टिमचं स्वतःचं) थीम इंजिन वापरतात, त्यामुळे सगळं रेखाटन पॅलेटप्रमाणे होईलच असं नाही.

सेमीकोलन
स्विंगमध्येही लिहिलंय. जेकंपोनंट या स्विंगच्या मूळ घटकाच्या जावाडॉकमध्ये (अधिकृत दस्तऐवजात) सेटबॅकग्राउंडखाली स्पष्ट आहे: हा रंग पाळायचा की नाही ते लुक अँड फीलच्या मर्जीवर, काही जण दुर्लक्ष करू शकतात. वाचतं कोण म्हणा.

ज्यांना आजच काम उरकायचंय त्यांच्यासाठी: सेटकंटेंटएरियाफिल्ड फॉल्स, सेटओपेक ट्रू (थीमचा भराव बंद, आपला चालू). लाल येईल. पण विंडोजचं चित्रच बंद झाल्याने माउस नेल्यावरची चमक गेली आणि दाबलं तरी बटण दाबल्यासारखं दिसत नाही. ते सगळं आता हाताने करा. क्यूटीत स्टाइलशीटने नुसता बॅकग्राउंड-कलर दिला तर तो दिसेलच याची खात्री नाही, बॉर्डरही द्यावी लागते. आणि बॉर्डर दिली की नेटिव्ह रूपाला रामराम.

उघडाकंस
जावाडॉकमध्ये लिहिलं म्हणून वागणं बरोबर ठरत नाही. जी मेथड पाळायचीच नाही ती हाक मारल्यावर 'ओ' का देते?

मूकप्रेक्षक
एरवी नुसता वाचतो, आज राहवलं नाही. माझी नजर अधू आहे, मी हाय कॉन्ट्रास्ट थीमवर काम करतो. एका हिशेबाच्या प्रोग्रामात कोणीतरी रकान्यांना फिकट पिवळी पार्श्वभूमी सक्तीने दिली आणि अक्षरांचा रंग मात्र थीमवर सोडला. माझ्या थीममध्ये अक्षरं पांढरी. पिवळ्यावर पांढरे आकडे! मी रकाना सिलेक्ट करून, निळा झाल्यावर आकडा वाचतो.

साध्या मजकुरासाठी अक्षरं आणि पार्श्वभूमीत 4.5:1 कॉन्ट्रास्ट हवा असं डब्ल्यूसीएजी (वेब सर्वांना वापरता यावं म्हणूनची मार्गदर्शक तत्त्वं) सांगतं. सक्तीचे रंग लावणाऱ्यांपैकी कितींनी तो साध्या आणि हाय कॉन्ट्रास्ट, दोन्ही थीममध्ये मोजलेला असतो?

उघडाकंस
मूकप्रेक्षक, तुमच्यासारख्यांच्या थीमपुढे माझा लाल रद्द झाला तर माझी शून्य तक्रार. ब्राउझरमध्ये हीच सोय आहे: फोर्स्ड कलर्स (वापरणाऱ्याने सक्तीने लावलेले रंग) चालू असतील तर पानाचे रंग बाजूला, आणि रंग हाच मजकूर असेल तिथे, म्हणजे रंगांचे नमुने वगैरे, फोर्स्ड-कलर-अ‍ॅडजस्टला नन (म्हणजे 'इथे हात लावू नको') द्यायचं. पण गरजेपोटी निवडलेली थीम वेगळी आणि मशीनबरोबर आलेली, कोणी कधी न उघडलेली थीम वेगळी. दुसरीला 'वापरणाऱ्याची इच्छा' म्हणणं जरा जास्तच होतंय.

आणि तिरपीरेघ, स्विंगला हेतू कळत नाही असं नाही. लुक अँड फीलने स्वतः लावलेल्या रंगावर यूआयरिसोर्स अशी खूण असते, मी दिलेला साधा कलर. फ्लॅटलॅफ हा लुक अँड फील एवढं तपासतो आणि माझा रंग पाळतो. म्हणजे जमतं!

तिरपीरेघ
जमतं, कारण फ्लॅटलॅफ बटण स्वतःच रंगवतो, विंडोजकडे मागत नाही. नेटिव्ह रूपही हवं आणि त्याने तुमचं ऐकायलाही हवं, हे कसं चालेल?

प्रोग्रामवाले जिंकले की काय होतं तेही बघितलंय. 2019 मध्ये जीनोम या लिनक्स डेस्कटॉपच्या काही डेव्हलपरांनी डिस्ट्रोवाल्यांना (लिनक्सचे तयार संच बनवणाऱ्यांना) जाहीर पत्र लिहिलं: आमच्या अ‍ॅप्सना परस्पर थीम लावू नका. पुढे लिबअद्वैता हे जीनोमचं ग्रंथालय (लायब्ररी) आलं, त्यावरची अ‍ॅप्स सिस्टिमची जीटीके (जीनोमचा साधनसंच) थीम उचलत नाहीत. आवडीची थीम लावणाऱ्यांनी आरडाओरडा केला. नुसता अ‍ॅक्सेंट रंग निवडायची सोय व्हायला 2024 चं जीनोम 47 उजाडलं.

जीटीकेतली एक गोष्ट मात्र आवडते. बटणाला 'डिस्ट्रक्टिव्ह-अ‍ॅक्शन' क्लास (प्रकाराचं नाव) द्यायचा. लाल म्हणायचंच नाही. धोका आहे एवढं सांगायचं, रंग थीम बघेल.

सेमीकोलन
याला +1. स्विंगमध्ये असं काही आयतं नाही, हे दुखणं खरं.

उघडाकंस
क्लासची कल्पना उत्तम, पण विनफॉर्म्सवर दहा वर्षं चाललेला प्रोग्राम जीटीकेत कोण नेणार? सध्या 'डिलीट' आणि 'थांबवा' ही दोनच बटणं स्वतः पेंट करतो, बाकीची विंडोजला बहाल. रंग पाळला जाणार नसेल तर निदान डीबग लॉगमध्ये (प्रोग्रामरसाठीच्या नोंदींत) एक ओळ यावी, ही मागणी मात्र सोडत नाही.

तिरपीरेघ
लॉगच्या ओळीला माझीही हरकत नाही. 'डिलीट' पेंट करताना कीबोर्डवरून टॅब दाबत आल्यावरची फोकसची चौकट रेखाटलीत का?

उघडाकंस
बघतो.