टीव्हीवरची जुनी शीर्षकगीतं आणि तेव्हाचं घर: तुमच्या आठवणी लिहा

रानजाई
गेल्या आठवड्यात साताऱ्याला माहेरी होते. बाबा गेल्यावर पहिल्यांदाच माळा आवरायला काढला. बुटांच्या एका खोक्यात कॅसेटी निघाल्या. बऱ्याचशा भजनांच्या आणि नाट्यगीतांच्या होत्या, पण एकीवर बाबांच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं, "टी.व्ही. मुलांचे".

दादानं जुना टेपरेकॉर्डर पुसून लावला. आधी नुसती खरखर. मग 'बीज अंकुरे अंकुरे' सुरू झालं. आपल्या 'गोट्या'चं! आणि पहिल्याच ओळीवर आईचा आवाज: "अहो, पंखा बंद करा, त्याची घरघर येतेय." त्यावर बाबांचं लांबलचक "शूऽऽऽ". मागून मी, सहा-सात वर्षांची, गाण्याच्या अर्धी ओळ पुढे पळत गातेय.

आई शेजारी मेथी निवडत बसली होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "परत लाव."

तेव्हा अशी गाणी दुकानात कुठे मिळायची? बाबा टीव्हीसमोर स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवायचे आणि शीर्षक सुरू व्हायच्या आत प्ले आणि रेकॉर्डची बटणं एकदम दाबायचे. एखादा सेकंद जरी चुकला तरी आठवडाभर थांबायचं.

त्या रात्री फोनवर तेच गाणं शोधून ऐकलं. गीत मधुकर आरकडे, संगीत अशोक पत्की, आवाज अरुण इंगळे. इतकी वर्षं हे गाणं म्हणतेय आणि ही नावं आत्ता नीट वाचली, कारण नावं पडद्यावर यायची तेव्हा आम्ही गाण्यात असायचो. फोनवर शब्दन्‌शब्द स्वच्छ ऐकू आला. तरी पहिल्या ओळीनंतर मी "पंखा बंद करा"ची वाट बघत होते. ते आलं नाही, आणि मग रडू आवरेना.

तुमच्याकडे असं कुठलं गाणं आहे? मालिकेबद्दल नाही लिहिलंत तरी चालेल. ते लागलं की घरात काय चाललेलं असायचं, ते लिहा.

शेवगा
कुकरची तिसरी शिट्टी. बास. 'मालगुडी डेज'चं ते ताना-ना-ना कुठेही ऐकलं की मला वरण शिजल्याचा वास येतो.

दगडफूल
रविवार सकाळ, जंगल बुक! अंगाला तेल लावलेलं, आंघोळ राहिलेली आणि आई न्हाणीघरातून हाका मारतेय. "जंगल जंगल बात चली है" सुरू झालं की चाळीतली सगळी पोरं जिन्यावरून धडधड खाली, कारण टीव्ही तळमजल्यावर. शब्द गुलजारांचे आणि संगीत विशाल भारद्वाज यांचं, हे कॉलेजात गेल्यावर कळलं. चित्रं जपानी, गाणं मात्र आपल्याकडे नव्यानं केलेलं. १९९३ साल.

आजीला 'चड्डी' या शब्दाचा भारी राग. देवघरात जप चालू असायचा आणि आम्ही नेमके त्याच शब्दावर आवाज चढवायचो. एकदा ती माळ घेऊन बाहेर आली, आता ओरडणार म्हणून आम्ही गप्प. तर उभी राहून गाणं संपेपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "चाल गोड आहे हो." पुढच्या रविवारपासून पाट घेऊन पहिल्या रांगेत. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज आहे हे तिला कोणीतरी सांगितलं, तेव्हापासून ती वाघाच्या बाजूची.

शेवगा
@दगडफूल वाघाच्या बाजूची आजी 😂😂 पाया पडते त्यांच्या

इंदूरी पोहे
आमचं उलटं आहे. आम्ही इंदूरचे, आमच्याकडे मुंबई दूरदर्शन दिसायचं नाही. 'गोट्या'चा एकही भाग मी त्या काळात पाहिलेला नाही. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याची मावसभावंडं यायची आणि गच्चीवर गाद्या टाकल्या की हेच गाणं म्हणायची. आम्ही त्यांच्याकडून शिकलो आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात म्हटलंसुद्धा. वर्गशिक्षिकांनी विचारलं, कुठली कविता आहे? मी सांगितलं, मावशीकडची.

मालिका पहिल्यांदा पाहिली ती चाळिशीत, मोबाइलवर. गाणं लागल्यावर डोळ्यांसमोर गोट्या नाही आला, गच्चीवरची मच्छरदाणी आली. त्या भावंडांतला थोरला कोविडमध्ये गेला. गाण्याचं शेवटचं कडवं फक्त त्यालाच येत होतं.

रानजाई
@इंदूरी पोहे काय बोलू गं. तुझ्या शाळेतल्या मुलांनीही त्याच्याकडूनच शिकलं म्हणायचं ते गाणं.

आंबेमोहोर
आमच्या वाडीत एकच टीव्ही. लाकडी शटरचा, वर क्रोशाचा रुमाल. मालक चार आणे घ्यायचे आणि आम्हाला उंबऱ्याच्या बाहेर बसवायचे. आत फरशीवर जागा असली तरी बाहेरच. महाभारताचा शंख आणि महेंद्र कपूर यांचा तो चढा आवाज मी अंगणातून, माणसांच्या पाठींमधून ऐकलाय. चित्र निम्मंच दिसायचं, आवाज मात्र पूर्ण यायचा. म्हणून मला ती मालिका कानानं पाठ आहे. 'मैं समय हूँ' म्हणताना मागे जे चक्र फिरतं, ते मी नोकरी लागल्यावर स्वतःच्या टीव्हीवर पाहिलं.

पहिल्या पगारात टीव्ही घेतला. ज्या दिवशी आणला, त्या दिवशी दार उघडं ठेवून वाडीतल्या सगळ्या पोरांना आत बसवलं. आई दाराशी उभी राहून प्रत्येकाला सांगत होती, आत ये, आत ये.

मेतकूट
@आंबेमोहोर 🙏🙏 आईंना नमस्कार सांगा

तंबोरा
संगीत शिकवतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

शीर्षकगीत हा फार अवघड प्रकार आहे. हातात मिनिट-सव्वा मिनिट. ऐकणारा समोर बसलेला नसतो, तो स्वयंपाकघरात किंवा अंगणात असतो. त्यामुळे पहिल्या दोन-तीन सुरांतच त्याला बाहेर ओढून आणावं लागतं. सिनेमाच्या गाण्यासारखा निवांत वाद्यमेळ सुरुवातीला वाजवून चालत नाही. आणि तेच गाणं दर आठवड्याला, रोजच्या मालिकेत तर रोज वाजणार, म्हणजे कंटाळा येणार नाही असंही हवं.

पत्कींनी जाहिरातींची जिंगल्स पुष्कळ केली. थोडक्या वेळात सूर मनात रुजवायची कला तिथे घोटली गेली असणार, असं मला वाटतं. 'बीज अंकुरे', 'आभाळमाया', 'वादळवाट', तिन्ही एकाच माणसाची. 'मिले सुर मेरा तुम्हारा'ची चालही त्यांचीच, १९८८ सालची. माझ्या क्लासमधल्या मुलांना हे सांगितलं की ती चकित होतात.

'मालगुडी डेज'चे एल. वैद्यनाथन तसेच. गाण्यात शब्द नाहीतच, तरी म्हैसूरकडचं कधीही न पाहिलेलं गाव आपल्याला ओळखीचं वाटतं. बरोबर आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं.

जाता जाता: आकाशवाणीची सकाळची धून, शिवरंजनीतली, ती वॉल्टर कॉफमन यांची. हिटलरच्या काळात युरोप सोडून मुंबईला आलेला ज्यू संगीतकार. एका निर्वासित माणसाच्या सुरांनी आपल्या कित्येक पिढ्या उठल्या. विषय टीव्हीचा आहे, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मेतकूट
@तंबोरा सर, आकाशवाणीचं माहीत नव्हतं. अंगावर काटा आला.

मला एक मालिका कोणी ओळखून द्या ना. सुरुवातीला खिडकीच्या गजांतून ऊन यायचं, एक मुलगी केस विंचरत असायची आणि बासरी. मराठी होती. बाकी काही आठवत नाही.

शेवगा
@मेतकूट 'श्वेतांबरा'?

मेतकूट
नाही, ती रहस्यमय होती ना? ही घरगुती होती. ऊन आणि बासरी.

सोल्डरगन
रानजाई ताई, आधी एक महत्त्वाचं. ती कॅसेट आता पुन्हा पुन्हा वाजवू नका! वरच्या कडेला दोन छोट्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतील, त्या तोडा. नाहीतर कोणाच्या हातून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर सगळं पुसलं जाईल. मग टेप एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या, वर्षानुवर्षं एकाच जागी बसून थर चिकटलेले असतात. टेपरेकॉर्डरचं हेड, म्हणजे टेपला टेकणारा भाग, कापसाच्या बोळ्यानं, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. मग हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपला जोडा आणि ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरवर उतरवून घ्या, ते फुकट आहे. आवाज जाड आणि संथ येत असेल तर आतला रबरी पट्टा सैल झालाय. खरखर काढायच्या भानगडीत पडू नका, नाहीतर पंख्याबरोबर आईंचा आवाजही जाईल.

रानजाई
@सोल्डरगन मनापासून आभार. दादाला लगेच पाठवलं. आवाज जाड येतोय खरा, बाबा फारच गंभीर वाटतायत!

आंबेमोहोर
@सोल्डरगन टेपच तुटली असेल तर? माझ्याकडे आत्याच्या ओव्या आहेत.

सोल्डरगन
@आंबेमोहोर जोडता येते, काका. दोन्ही टोकं तिरकी कापून एकाला एक भिडवा आणि हेडला न टेकणाऱ्या, मागच्या बाजूनं जोडपट्टी (टेप जोडायची खास चिकटपट्टी) लावा. साधा सेलोटेप नको, त्याचा डिंक सुटतो. कॅसेटचं खोकं स्क्रूचं असेल तर सोपं, चिकटवलेलं असेल तर टेप दुसऱ्या खोक्यात घालावी लागेल. अडलं तर विचारा, फोटो पाठवा.

निशिगंध
परिचारिका आहे, रात्रपाळीवरून लिहितेय, चुका समजून घ्या.

'आभाळमाया'. मंगेश कुलकर्णींचे शब्द, देवकी पंडित यांचा आवाज. तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. वसतिगृहातल्या टीव्हीसमोर पन्नास मुली, बाके कमी. मालिकेत कोणाचं काय झालं ते आता पुसट झालंय. गाणं लागलं की सगळ्या गप्प व्हायच्या, तेवढं लख्ख आठवतं. घरापासून लांब आलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली. सूर्य बुडतो आणि आभास उरतो, या अर्थाची ओळ आली की कोणी ना कोणी डोळे पुसायचं, आणि शेजारची न बघता तिचा हात धरायची.

मागच्या महिन्यात वॉर्डात एक आजी होत्या, बोलणं बंद झालेलं. लेक उशाशी बसून हेच गुणगुणत होती. आजींची बोटं चादरीवर हलायला लागली, ठेक्यात. डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले गात राहा.

बोलावतायत, जाते.

इंदूरी पोहे
@निशिगंध तुम्ही नंतर सांगा हं त्या आजींचं.

डॅलसची माई
मुलगा नऊ वर्षांचा. कुठलीही मालिका लावली की पहिल्यांदा 'स्किप इंट्रो' दाबतो. परवा त्याच्याकडून रिमोट घेतला आणि त्याला बसवून 'व्योमकेश बक्षी'चं शीर्षक संगीत ऐकवलं, आनंद शंकर यांचं. म्हटलं, हे ऐक, यातच आम्हाला कळायचं की आज भीती वाटणार आहे. तो म्हणाला, "पण गोष्ट तर अजून सुरूच नाही झाली." मी म्हटलं, माणसं जमायची असतात ना रे. आजोबांना चष्मा शोधायचा असतो, काकूला गॅस बारीक करायचा असतो, कोणीतरी अजून जिन्यात असतं. तेवढा वेळ ते गाणं सगळ्यांसाठी थांबायचं.

त्याला पटलं की नाही माहीत नाही. पण काल त्याच्या बाबाला यायला उशीर होता, तर यानं बटण दाबलं नाही. सुरुवात नुसती चालू दिली.

शेवगा
@डॅलसची माई हे वाचून कुकरखालचा गॅस बारीक करून आले.

दगडफूल
'सुरभि'चं कोणाला आठवतं का? एल. सुब्रमण्यम यांचं व्हायोलिन आणि आपल्या रेणुका शहाणे यांचं हसू. बाबा दर आठवड्याला पोस्टकार्डावर उत्तर लिहून पाठवायचे. बक्षीस कधीच लागलं नाही. पण प्रश्नाचं उत्तर शोधायला ते मला सायकलवर नगर वाचनालयात न्यायचे आणि परत येताना उसाचा रस. मला इतिहास शिकावासा वाटला तो तिथे. आज तोच शिकवते.

मेतकूट
खिडकी, ऊन, बासरी. कोणालाच नाही आठवत का? आईला विचारलं असतं, पण तिला आता मीच कधीकधी आठवत नाही. तिच्यासाठीच शोधतेय खरं तर. ते लागलं की ती माझी वेणी घालायची.

तंबोरा
@मेतकूट बासरीची चाल थोडीशी जरी आठवत असली तरी गुणगुणून पाठवा, कशीही. मी पेटीवर बसवून जुन्या वादक मित्रांना ऐकवतो. त्यातल्या कोणी तेव्हा स्टुडिओत वाजवलेलं असू शकतं.

मेतकूट
@तंबोरा सर, पाठवते. आज रात्री आई झोपली की.

निशिगंध
आल्ये परत. @इंदूरी पोहे, आजी घरी गेल्या. बोलत नाहीत अजून. लेकीनं टेबलावर एक छोटा स्पीकर ठेवलाय म्हणे.

रानजाई
सोल्डरगननी सांगितल्याप्रमाणे दादानं पट्टा बदलून पहिली बाजू उतरवून घेतली. बाबांचा आवाज आता त्यांच्यासारखा येतोय. 'बीज अंकुरे'नंतर 'मालगुडी'चं तुटक पंधरा सेकंद आहे, मग बातम्यांचा एक तुकडा, मग बाबा कोणाला तरी सांगतायत की दूधवाल्याचे पैसे खिडकीत ठेवलेत.

दुसरी बाजू अजून लावलेली नाही. आई म्हणाली, रविवारी तुम्ही सगळे या, मग लावू. आणि पंखा आधीच बंद करून ठेवते.