फोंडा घाटाच्या चढावर डिझेल पिकअप मध्येच बंद पडते, दहा मिनिटांनी पुन्हा चालू होते

प्रश्न (देवगड)

नमस्कार. माझ्याकडे २०१५ सालची, कॉमन रेल इंजिनाची (पंप एका सामाईक नळीत खूप दाबाने डिझेल भरतो आणि तेथून ते इंजेक्टरना जाते) डिझेल पिकअप आहे. हंगामात ती आंब्याच्या पेट्या घेऊन आठवड्यातून तीनदा नांदगाव, फोंडा घाट, राधानगरी या मार्गाने कोल्हापूरला जाते. मार्चअखेरीपासून ती घाटाच्या चढावर मध्येच बंद पडू लागली आहे. दर फेरीला पडते असेही नाही. कधी चार फेऱ्या सुरळीत जातात आणि पाचव्या फेरीला एकाच चढावर दोनदा पडते. दहा-पंधरा मिनिटे थांबून सेल्फ मारला की चालू होते आणि दाजीपूरच्या पुढे अगदी व्यवस्थित पळते.

आतापर्यंत डिझेल फिल्टर दोनदा बदलला, इंजेक्टर उतरवून तपासून घेतले आणि एका ठिकाणी सांगितले म्हणून हाय प्रेशर पंपही खोलून पुन्हा बसवला. तीस हजारांच्या वर खर्च झाला आहे. गॅरेजमध्ये मात्र ती तासभर उभ्याने चालते आणि स्कॅनर काही दाखवत नाही. माल तापतो ही काळजी आहेच, पण इंजिन गेल्यावर स्टिअरिंग जड होते आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो, त्याची भीती अधिक वाटते. कोठून सुरुवात करावी?

उत्तर (चिपळूण, गॅरेज)

देवगडकर, आता आणखी एकही पार्ट बदलू नका. असा येऊन-जाऊन होणारा बिघाड तो होत असतानाच पकडावा लागतो, आणि त्या वेळी गाडीत तुम्ही असता, मेकॅनिक नसतो. म्हणून पहिली तपासणी तुम्हालाच करायची आहे.

गाडी बंद पडते म्हणजे नेमकी कशी पडते? चावी फिरवल्यासारखी एका क्षणात विझते, की आधी ओढ कमी होते, ॲक्सिलरेटर दाबूनही उचलत नाही, झटके बसतात आणि मग विझते? पहिला प्रकार असेल तर संशय विजेच्या बाजूवर जातो: क्रँक सेन्सर (इंजिन फिरते आहे का हे सांगणारा), मेन रिले, अर्थिंग. दुसरा असेल तर बहुधा इंजिनाला डिझेल पुरत नाही. त्या क्षणी आरपीएमच्या काट्याकडेही लक्ष ठेवा. गाडी गिअरमध्ये सरकत आहे, म्हणजे चाके इंजिनाला फिरवत आहेत, आणि तरीही काटा एकदम शून्यावर पडला, तर ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, क्रँक सेन्सरचा सिग्नल मिळत नाही असे समजावे. काटा वेगाबरोबर हळूहळू उतरला तर सेन्सर काम करतो आहे.

प्रत्येक वेळी टाकीत डिझेल किती होते ते लिहून ठेवा. गाडी सुरक्षित बाजूला घेऊन, चाकाला दगड लावून, टाकीचे झाकण उघडा. हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला तर टाकीत हवा येण्याची नळी चोंदली आहे. मग फिल्टरवरचा हातपंप दाबून पाहा, तो कडक लागतो की पोकळ. सकाळच्या पहिल्या स्टार्टला किती सेल्फ घ्यावे लागतात, हेही कळवा.

स्कॅनर काही दाखवत नाही याचा अर्थ ईसीयूत बिघाडाचा कोड साठलेला नाही, एवढाच. खरे तर चालत्या गाडीत रेल प्रेशरचे (सामाईक नळीतल्या दाबाचे) दोन आकडे शेजारी शेजारी पाहायचे असतात: ईसीयूने मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला. भरल्या गाडीला चढावर मागणी हजार बारच्या पुढे जाऊ शकते, आणि उभ्या गाडीत ती त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणूनच दोष गॅरेजात दिसत नाही.

एक कळकळीची विनंती आहे. जुन्या जीपचा नोझलचा पाईप चालू इंजिनात सैल करून मिसिंग (कोणता सिलिंडर पेटत नाही ते) शोधण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. कॉमन रेलवर तसे कोणालाही करू देऊ नका. त्या दाबाची धार कातडी भेदून आत शिरते आणि बोट गमवावे लागू शकते.

उत्तर (अलिबाग)

माझ्या गाडीला हीच तक्रार होती आणि दोष क्रँक सेन्सरचा निघाला. इंजिन तापले की सेन्सर सिग्नल देणे थांबवत असे आणि थंड झाल्यावर पुन्हा देत असे. बंद पडल्यावर सेन्सरवर ओला फडका धरला की दोन मिनिटांत गाडी चालू व्हायची. स्कॅनरवर पी०३३५ हा क्रँक सेन्सरचा कोडही साठलेला होता. आपणही आधी तोच तपासावा.

प्रश्नकर्ता (देवगड)

तीन फेऱ्यांची नोंद केली. पहिल्या दोन फेऱ्यांत गाडी एकेकदा बंद पडली. दोन्ही वेळा आधी ओढ गेली, चार-पाच झटके बसले आणि मग ती विझली. काटा हळूहळू उतरला, त्यामुळे अलिबागकरांचा सेन्सर माझ्या गाडीत ठीक असावा. दोन्ही वेळा टाकीत पाव भागापेक्षा कमी डिझेल होते. तिसऱ्या फेरीला निघतानाच टाकी भरली आणि काहीही झाले नाही. बंद पडली तेव्हा दोन्ही वेळा झाकण उघडल्यावर आवाज आला नाही. हातपंप मात्र अगदी पोकळ होता. पंचवीस-तीस वेळा दाबल्यावर कडक झाला आणि गाडी पहिल्याच सेल्फात चालू झाली.

आणखी एक गोष्ट आता लक्षात आली. आमचे खळे (घरापुढचे अंगण) उताराचे आहे. गाडी घराकडे तोंड करून, म्हणजे नाक वर ठेवून लावली, तर सकाळी तीन-चार सेल्फ खाते. रस्त्याकडे तोंड करून लावली, तर लगेच चालू होते. इतके दिवस मी याचा दोष बॅटरीला देत होतो.

उत्तर (मालवण, ट्रॉलरच्या इंजिनांचे काम)

खळ्याच्या उताराची नोंद फार मोलाची आहे. तुमची गाडी हवा धरते आहे. या गाड्यांत बहुधा पंपच टाकीतून डिझेल ओढून घेतो, त्यामुळे टाकीपासून पंपापर्यंतच्या पाईपात दाब नसतो, उलट ओढ असते. तेथे बारीक भोक पडले तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. म्हणून खाली वाकून कितीही शोधले तरी ओल दिसत नाही. नाक वर असले की रात्रभरात पाईपातले डिझेल टाकीत उतरते, नाक खाली असले की पाईप भरलेला राहतो. डिझेलची पातळी खाली गेली की ते अधिक उंच ओढावे लागते, चढावर इंजिन डिझेलही जास्त मागते, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की हवा जास्त शिरते.

ही गाडी पूर्वी मासळीच्या वाहतुकीला होती का? बर्फाचे आणि मासळीचे खारे पाणी हौद्यातून चासीवर गळत राहते. पाईप जेथे क्लिपने चासीला धरलेला असतो, तेथे रबराखाली खारा चिखल साचून पाईप आतल्या आत खातो, आणि वरून रंग शाबूत दिसतो. प्रत्येक क्लिप सोडून पाहा.

खात्री करायची असेल तर फिल्टरच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडून इंजिन रेस करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे दिसणे ठीक, पण अखंड माळ दिसली तर हवा येते आहे. नंतर टाकीऐवजी कॅनमधून, चांगल्या नळीने डिझेल द्या आणि रिटर्नची (उरलेले डिझेल टाकीत परत नेणारी) नळीही त्याच कॅनमध्ये सोडा. कॅन मात्र टाकीच्याच उंचीवर ठेवा; वर ठेवला तर डिझेल आपोआप उतरते आणि निदान चुकते. कॅनवर बुडबुडे थांबले तर दोष टाकी आणि फिल्टर यांच्या मधेच आहे. तपासणी झाली की पारदर्शक नळी काढून टाका, डिझेलने ती कडक होऊन तडकते.

प्रश्नकर्ता (देवगड)

होय, दोन वर्षांपूर्वी मी ती घेतली, त्याआधी ती मासळीवरच होती.

नळीत बुडबुड्यांची माळ दिसली आणि कॅन जोडल्यावर ती थांबली. टाकीपासून तिसऱ्या क्लिपचे रबर बाजूला केले तर पाईपावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटला. खाली गंजाचा खड्डा होता आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढे भोक. टाकी उतरवली तेव्हा आतल्या जाळीचा निम्मा भाग काळ्या बुळबुळीत थराने भरलेला निघाला. पाईप पूर्ण नवा टाकला, जोडावरच्या रबरी नळ्या आणि जुबली क्लिप बदलल्या, टाकी धुऊन घेतली. त्यानंतर मुद्दाम पाव टाकीवर भरली गाडी दोनदा घाटातून नेली. एकदाही अडखळली नाही. खळ्यात नाक वर ठेवूनही एका सेल्फात चालू होते.

एकच शंका उरली आहे. इतके दिवस हवा गेल्याने पंपाला इजा झाली असेल का?

उत्तर (चिपळूण, गॅरेज)

शंका योग्य आहे, कारण या पंपाला वंगण डिझेलचेच मिळते आणि हवेबरोबर तो काही क्षण कोरडा चालतो. पण लगेच पंप उतरवू नका. पंपातून परत येणारी रिटर्नची नळी पांढऱ्या वाटीत सोडून थोडे डिझेल घ्या आणि ते उन्हात तिरके धरून पाहा. चंदेरी चमचमणारे कण दिसले तर पंप झिजतो आहे. ते कण इंजेक्टरपर्यंत जाण्याआधी गाडी थांबवून मला फोटो पाठवा. डिझेल स्वच्छ असेल तर हजार किलोमीटरनंतर फिल्टर बदला आणि जुना फिल्टर कापून आतला कागद एकदा पाहा.