शाईतला ‘बाइंडर’: डिंक, बंधक की चीक?

विचारणा
पाण्यावर आधारित इंकजेट शाईचं माहितीपत्रक मराठीत आणते आहे आणि ‘बाइंडर’पाशी अडले आहे. रंगद्रव्य म्हणजे पाण्यात न विरघळणारी अतिशय बारीक पूड. पाणी उडून गेलं की ती कागदावर नुसती बसलेली असते, बोट फिरवलं की निघते. तिला आपसात आणि कागदाशी धरून ठेवणारं पॉलिमर (लांब साखळीच्या रेणूंचा पदार्थ) म्हणजे बाइंडर. ‘बंधक’ म्हटलं की हिंदी बातम्यांमुळे ओलीस धरलेला माणूस आठवतो. एका मसुद्यात ‘बंधनकारक पॉलिमर’ असं आलं होतं, त्याचा अर्थ तर ‘वापरायची सक्ती असलेलं’ असा होतो. जुन्या शाईत काजळीबरोबर डिंक घालत, मग ‘डिंक’च का नको?

प्रतिसाद
कापडछपाईत बरीच वर्षं काढली. आमच्याकडे सगळे ‘बाइंडर’च म्हणतात, पत्रकातही तोच ठेवा. पण डिंक नको, कारण दोघांची कामाची रीतच वेगळी. डिंक पाण्यात विरघळतो आणि पाणी दाट करतो. नेहमीच्या पिएझो हेडला, म्हणजे विजेने आकार बदलणाऱ्या स्फटिकाच्या जोरावर बारीक छिद्रांतून (नोझलमधून) शाईचे थेंब उडवणाऱ्या यंत्राच्या भागाला, शाई पाण्यापेक्षा साधारण ५ ते १५ पटच दाट चालते, त्यामुळे विरघळणारं पॉलिमर फार घालताच येत नाही. शिवाय वाळलेला डिंक ओला केला की पुन्हा सुटतो. आजचे बाइंडर बहुधा अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचे. ते विरघळत नाहीत, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे त्यांचे कण पाण्यात तरंगतात. म्हणून पॉलिमर भरपूर असूनही शाई पातळ राहते.

याला मराठीत शब्द आहे आणि तो प्रत्येक कोकणी घरात आहे: चीक. फणस चिरताना सुरीला आणि हाताला खोबरेल का लावतात? कारण चीक पाण्याने जात नाही. बाभळीचा डिंक आणि फणसाचा चीक यांत जो फरक, तोच या दोन बाइंडरांत.

प्रतिसाद
‘चीक’ फारच आवडला. पण विदर्भात आम्हाला चीक म्हटलं की कुरडयांचा गव्हाचा चीक आठवतो, आणि गाय व्याली की खरवसाचा. वाचक गोंधळेल का?

प्रतिसाद
मला तर यातच शब्दाची ताकद दिसते. रुईचा, गव्हाचा, गाईचा, तिन्ही चीक म्हणजे बारीक कण तरंगत असलेलं पांढरं किंवा पिवळसर, अपारदर्शक पाणी. आपल्या भाषेने हे द्रव एका नावाखाली आणले, तेही कुठल्या प्रयोगशाळेशिवाय. फक्त ‘पॉलिमरचा चीक’ असं पूर्ण लिहावं.

विचारणा करणारी
मग पुढचा प्रश्न. पाणी उडाल्यावर हे कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा बनतात. त्या क्रियेला ‘मिळून येणे’ म्हणू का?

प्रतिसाद
नको. आमटी मिळून येते म्हणजे डाळ वेगळी, पाणी वेगळं असं राहत नाही. शाई बाटलीत टिकून असते, तिथे तो शब्द शोभेल, आणि बिघडली की ती दुधासारखी ‘फाटते’. कणांच्या सीमा पुसल्या जातात, त्याला ‘एकजीव होणे’ म्हणा. त्यासाठी ऊबही लागते. ठरावीक तापमानाखाली कण एकजीव होत नाहीत, थर पांढुरका आणि ठिसूळ राहतो. कापडावर तर १५० अंशांच्या आसपास भाजावं लागतं, तेव्हा रंग धुण्याला टिकतो.

विचारणा करणारी
नावाच्या जागी ‘बाइंडर’ ठेवते, पहिल्या उल्लेखाला ‘रंग धरून ठेवणारा पॉलिमरचा चीक’ अशी फोड देते. आणि इशाऱ्याचं वाक्य असं केलं आहे: ‘नोझलमध्ये शाई वाळू देऊ नका. चीक एकजीव झाला की पाण्याने सुटत नाही.’