दिवाळीची पोस्त देताना आभार नीट कसे मानायचे?

काळाचौकीकरीण:
आमच्या सोसायटीत दिवाळीला घरटी 300 रुपये पोस्त काढतात. वॉचमन, झाडूवाल्या ताई, पंप बघणारा, सगळ्यांना सेक्रेटरी पाकिटं वाटतात. पैसे दिले की आपण मोकळे. यंदा मला तसं मोकळं व्हायचं नाहीये.

जुलैत पावसाचं पाणी लिफ्टच्या खड्ड्यात शिरलं आणि लिफ्ट बंद पडली. त्याच रात्री सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं. आम्ही सातव्या मजल्यावर, नवरा नाइट शिफ्टला. मी इंटरकॉमवरून खाली सांगितलं, तर पाच मिनिटांत वॉचमनकाका केबिनमधली प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन वर. आम्ही सासूबाईंना ओढणीने खुर्चीला बांधलं. शेजारचा मुलगा वरच्या बाजूला, काका खालच्या बाजूला, आणि काका सात मजले उलटे उतरले. पाठ जिन्याकडे, नजर सासूबाईंकडे. "आजी, डोळे मिटू नका. कितवा मजला आला, मोजा." सासूबाई मोजत होत्या. मला अजून तो आकड्यांचा आवाज येतो.

टॅक्सी मिळाली, वेळेत पोचलो, आज त्या ठणठणीत आहेत. आणि मी काकांशी त्या रात्रीबद्दल एक शब्द बोललेले नाही. गणपतीत मोदक दिले, तेही सगळ्यांना दिले तसेच.

अडतं कुठे, तर शब्दावर. घरातल्या माणसाचे आभार मानले तर परकं वाटतं. 'थँक्यू' आपण सुट्टे पैसे देणाऱ्यालाही म्हणतो. 'धन्यवाद' म्हटलं की सभेत उभं राहिल्यासारखं होतं. माझं माहेर नाशिककडचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबा बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचे. जो खांदा वर्षभर जू ओढतो, नेमका तोच. माणसाच्या बाबतीत असं काय करायचं? तुम्ही काय करता?

मानसशास्त्र शिकवते:
2005 साली मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारण हेच करून पाहिलं होतं. ज्याने आपल्यावर उपकार केले पण ज्याचे आभार मानायचे राहून गेले, त्याला पत्र लिहायचं आणि आठवडाभरात स्वतः नेऊन द्यायचं. पत्र देणाऱ्यांना महिनाभर जास्त आनंदी वाटलं, पुढे परिणाम ओसरला. म्हणून दिवाळीला एकदा करून थांबू नका, असं मी वर्गातही सांगते. पत्र द्यायचा संकोच वाटत असेल तरी आधी कागदावर लिहून काढा. नाहीतर ऐनवेळी "खूप केलंत हो आमच्यासाठी" एवढंच तोंडातून निघतं. उलटे उतरलात, मजले मोजायला लावलेत, हे त्यांना सांगा. तुमचं हळद-तूप तेच आहे.

कुर्ला-मुलुंड:
26 जुलै 2005. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. मी कुर्ल्याहून एलबीएस मार्गाने चालत घरी निघालो होतो. घाटकोपरच्या अलीकडे एका बैठ्या चाळीतल्या बाईंनी हाक मारून आत घेतलं, नवऱ्याचा कोरडा लेंगा दिला. माझे हात इतके कापत होते की कप त्यांनीच धरला. गणपतीत जाईन, दिवाळीत फराळ घेऊन जाईन, असं म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. गेलो तेव्हा चाळ पाडून पत्रे ठोकले होते. लेंगा अजून कपाटात आहे. ताई, तुमचे काका रोज गेटवर दिसतात. उद्याच खाली उतरा.

वॉचमनची मुलगी:
माझे वडील 22 वर्षं वॉचमन होते, म्हणून स्पष्ट लिहिते. पोस्तीचं पाकीट द्याच, गोड बोलणं हा त्याला पर्याय नाही. आणि ते आधी द्या, कारण गावी जायचं तिकीट, पोरांचे कपडे सगळं दिवाळीआधी असतं. फराळही पहिल्या घाण्यातला द्या. आमच्याकडे तो भाऊबीजेनंतर यायचा, चकल्या नरम पडलेल्या असायच्या. आई त्या पुन्हा तव्यावर गरम करायची.

दुसरं, सगळ्यांसमोर सत्कार, शाल, फोटो नको. बाबा अशा वेळी अवघडून जायचे. नावाने हाक मारा आणि थोडा वेळ बसा. 22 वर्षांत एकच आजोबा बाबांना आडनावाने हाक मारायचे. ते गेले तेव्हा बाबा कामावर खाडा करून स्मशानात गेले होते.

काळाचौकीकरीण:
सगळं दोनदा वाचलं. शेवटचं वाचून रडू आलं.

काल वसुबारस. सकाळच्या करंज्या डब्यात भरल्या, घरचं वेगळं पाकीट घेतलं, कागदावर चार ओळी लिहिल्या. सासूबाई म्हणाल्या, मीपण येते. केबिनशी जाऊन मी काकांना नावाने हाक मारली आणि कागद न काढताच सगळं बोलले. काका खाली बघत होते. मग म्हणाले, "आजी चौथ्या मजल्यावर आकडा चुकल्या, तेव्हा मी घाबरलो होतो." हे मला माहीतच नव्हतं.

ती खुर्ची अजून तिथेच आहे, एका पायाला तार गुंडाळलेली. काकांनी ती फडक्याने पुसून पुढे केली, सासूबाई बसल्या. काका संगमेश्वरचे निघाले, सासूबाईंचं माहेर देवरुखचं. भाताची कापणी झाली का, यावर दोघं सुरू झाले, तेव्हा मी गॅसवर तेल ठेवून आलेय हे आठवलं आणि एकटीच वर आले.