लाइमसोबत बबेसिया निघालाय, नुसतं अटोवाक्वोन पुण्यात कुठे मिळेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, घाईत टाइप करतेय, चुका पोटात घाला. (लाइम म्हणजे गोचिडीतून होणारा जिवाणूंचा आजार, बबेसिया म्हणजे गोचिडीतूनच येणारा, रक्ताच्या लाल पेशींत वाढणारा परजीवी, आणि अटोवाक्वोन हे त्याच्यावरचं औषध.)

धाकटा भाऊ (वय 34) कनेक्टिकटला प्रोजेक्टवर होता, गेल्या आठवड्यात कोथरूडला घरी आलाय. तिकडे जूनमध्ये जंगलात भटकून आला आणि मग मांडीवर वीतभर चट्टा उठला, मध्ये लाल, भोवती फिकट, परत लाल. गोचीड चावलेली कळलीच नव्हती (बारकी गोचीड खसखशीएवढी असते). तिथल्या डॉक्टरांनी बघूनच लाइम सांगितलं, डॉक्सिसायक्लिन 100 मिग्रॅ दिवसातून दोनदा, 14 दिवस. चट्टा गेला, आम्हाला वाटलं सुटलो.

पण आता थंडी वाजून ताप, रात्री घामाने चादर भिजते, हिमोग्लोबिन 9.8. पावसाळा म्हणून सगळ्यांनी मलेरियाच धरला. रॅपिड टेस्ट निगेटिव्ह, तरी स्मिअरमध्ये (काचेवर पसरून तपासलेलं रक्त) लाल पेशींत रिंगा दिसल्या म्हणून लॅबने फाल्सिपेरम (मलेरियाचा एक प्रकार) लिहून दिलं!! नशीब आमच्या फिजिशियननी प्रवास विचारला आणि स्लाइड परत बघायला लावली, तेव्हा चार ठिपक्यांची फुली दिसली, म्हणजे बबेसिया. एकच गोचीड दोन्ही देऊ शकते, आणि हा परजीवी डॉक्सीने (डॉक्सिसायक्लिनने) जात नाही.

डॉक्टरांनी अटोवाक्वोन + अझिथ्रोमायसिन 10 दिवस लिहिलंय, अटोवाक्वोन तुपातुपाच्या जेवणासोबत घ्यायचं म्हणजे नीट अंगी लागतं. सकाळपासून सहा मेडिकल पालथे घातले, मिळतंय ते प्रोग्वानिल मिसळलेलं, मलेरियाचं. ते आपल्या मनाने घेऊ नका म्हणालेत. नाहीच मिळालं तर क्लिंडामायसिन + क्विनीन, पण क्विनीनने कानात आवाज, मळमळ होते म्हणून तो दुसरा पर्याय.

तर पुण्यात किंवा मुंबईत नुसतं अटोवाक्वोन कुठे मिळालंय का कुणाला? आणि संसर्गजन्य आजारांचे, बबेसिया प्रत्यक्ष बघितलेले कुणी डॉक्टर? (एनआयव्ही, म्हणजे पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, सुचवू नका प्लीज, ते विषाणूंचं काम करतात.)

अजून एक, नातेवाईक तीन-चार अँटिबायोटिक सहा-सहा महिने घ्यायचे प्रोटोकॉल फॉरवर्ड करतायत, बार्टोनेलासाठी (हा आणखी एक जिवाणू) रिफाम्पिसिन पण त्यात. मला ते पटत नाही. 2016 च्या डच अभ्यासात लाइमनंतर त्रास राहिलेल्यांना आधी दोन आठवडे सेफ्ट्रायाक्झोन आणि पुढे 12 आठवडे गोळ्या देऊनही, पुढे नुसत्या प्लासिबोवाल्यांपेक्षा (औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा) काही फरक पडला नव्हता. ज्याचा जंतू सापडलाय त्याचंच औषध द्यायचं, असं आमचं ठरलंय, त्यामुळे कृपया नवीन कॉम्बिनेशन सुचवू नका.

सोनोग्राफीत प्लीहा थोडी सुजलीय, उद्या परत स्मिअर आणि सीबीसी आहे. व्यनि केला तरी चालेल, रात्री जागीच आहे.