तिशीच्या आतला रक्तदाब: दोष आजच्या वजनाचा की बालपणाचा? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

मुठाकाठ
आमच्या कार्यालयातल्या आरोग्य तपासणीत २९ वर्षांच्या, सारख्याच उंचीच्या आणि एकाच कँटीनमध्ये जेवणाऱ्या दोन सहकाऱ्यांपैकी एकाचा रक्तदाब ११८/७६ भरला, तर दुसऱ्याचा १४६/९४. वजनातला फरक जेमतेम चार किलोंचा, म्हणजे ६५ आणि ६९. डॉक्टरांनी दुसऱ्याला ‘वजन उतरवा’ एवढेच सांगितले. त्याचे जन्मवजन २ किलो १०० ग्रॅम होते, हे कोणी विचारलेही नाही.

माझ्या मते हे विचारायला हवे होते. मूत्रपिंडातल्या गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, गर्भाच्या साधारण ३६व्या आठवड्यापर्यंतच तयार होतात आणि पुढे आयुष्यभर त्यांत भर पडत नाही. अशक्त बाळाला त्या कमी मिळतात आणि मीठ बाहेर टाकण्याचा सगळा भार त्या थोडक्यांवर पडतो, अशी मांडणी मूत्रपिंडतज्ज्ञ ब्रेनर यांनी १९८८मध्येच केली होती. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३पासून केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केलेल्या अभ्यासात तर बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांहून पाऊण किलोने हलकी, पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून असलेली आढळली. काटकुळे हातपाय आणि सुटलेले पोट ही आपली ठेवण पाळण्यातच सुरू होते, असे मला यावरून वाटते.

आकडेमोड
मांडणी आकर्षक आहे, पण आकडे तिला पुरेशी साथ देत नाहीत. २००२मध्ये संशोधक हक्सली आणि सहकाऱ्यांनी जन्मवजन व रक्तदाबाच्या संबंधाचे तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अभ्यास जितका मोठा तितका परिणाम लहान होत गेलेला दिसला. सर्वांत मोठ्या अभ्यासांत जन्मवजनातल्या एका किलोमागे वरच्या दाबात (पाऱ्याच्या) एका मिलिमीटरचाही फरक नव्हता. उलट आज एक किलो वजन उतरवले तर वरचा दाब साधारण तेवढा, म्हणजे एक मिलिमीटर, खाली येतो. शिवाय पुष्कळ अभ्यासांत जन्मवजनाचा संबंध ठळक दिसतो तो आजचे वजन सारखे धरून तुलना केल्यावरच; मग आपण जन्म मोजतो आहोत की मधल्या काळातली वाढ? आपल्या सहकाऱ्याला जन्म बदलता येणार नाही, ताट बदलता येईल.

मुठाकाठ
‘मधली वाढ’ हेच माझे उत्तर आहे. भारतासह पाच देशांतल्या जन्मापासून नोंदी ठेवलेल्या मुलांचा एकत्रित अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या दोन वर्षांत उंची झपाट्याने वाढल्याचा लाभ मोठेपणीच्या उंचीत आणि शिक्षणात दिसला, तर त्यानंतर उंचीच्या मानाने झपाट्याने वाढलेले वजन मोठेपणीच्या चढ्या रक्तदाबाशी जोडलेले आढळले. म्हणजे वाढ उंचीची की नुसत्या वजनाची, आणि ती केव्हा झाली, यावर परिणाम ठरतो.

अंगणवाडीची बाय
मी गावात काम करते, म्हणून दोघांनाही एक सांगते. हलक्या बाळाने बाळसे धरावे म्हणून सगळे घर झटते आणि ते योग्यच आहे. पण मूल चार वर्षांचे झाले तरी ‘अंगाला लागत नाही’ म्हणून बिस्किटांचा पुडा हाती दिला जातो, आणि पोट पुढे आले की आजी समाधानाने पाठ थोपटते. उलट गरोदर सुनेला मात्र ‘कमी खा, बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल’ असे सांगणारी घरे आजही आहेत. आणि दंडाला बांधलेला पट्टा दंडाच्या मापाचा होता का, हेही पाहा; जाड दंडाला लहान पट्टा आवळला की आकडा खोटाच चढतो.

मुठाकाठ
पट्ट्याची शंका रास्त आहे. पण माझ्या सहकाऱ्याचे दंड बारीक आहेत.

आकडेमोड
पाच देशांच्या अभ्यासाचा मुद्दा मान्य. मात्र तोही शेवटी वजनाचाच मुद्दा आहे. जन्मवजनाचा रकाना तपासणीच्या अर्जावर जरूर ठेवा, पण तो भरून त्या सहकाऱ्याला आज वेगळे काय सांगणार?

मुठाकाठ
वजनाचा काटा नव्हे, कंबर मोजायची फीत वापर, असे सांगणार. त्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २४ म्हणजे २५च्या जुन्या रेषेत ‘सर्वसाधारण’. आशियाई लोकांसाठीच्या २३च्या रेषेने मात्र जास्त. कंबर काल मोजली: ९७ सेंटिमीटर, आणि आपल्याकडच्या पुरुषांसाठी मर्यादा ९०ची आहे.