मदत हवी आहे: ६ जीबी ग्राफिक्स + ३२ जीबी रॅम घेऊ, की ८ जीबी ग्राफिक्स + १६ जीबी रॅम?

नमस्कार मंडळी,

गेम खेळायला नवा लॅपटॉप घ्यायचाय. दोन मॉडेलांपाशी येऊन गाडी अडलीये.

पहिला: आरटीएक्स ४०५० ही ग्राफिक्स चिप, तिची स्वतःची ग्राफिक्स मेमरी ६ जीबी. रॅम ३२ जीबी, पण मदरबोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे नंतर बदलता येणार नाही.
दुसरा: आरटीएक्स ४०६०, ग्राफिक्स मेमरी ८ जीबी. रॅम १६ जीबीची एकच स्टिक, शेजारचा स्लॉट रिकामा.

प्रोसेसर जवळपास सारखे, स्क्रीन दोन्हींची १०८०पी. किमतीतला फरक इतका किरकोळ की त्यावरून काही ठरत नाही. मित्र म्हणतो, "३२ मिळतेय ना, डोळे झाकून पहिला घे." माझं मन मात्र दुसऱ्याकडे ओढतंय, आणि त्याला कारण माझीच एक फजिती.

सध्याच्या लॅपटॉपमध्ये ३०५० आहे, ४ जीबीवालं. रॅम आधी ८ जीबी होती. एल्डन रिंग हा गेम किमान १२ जीबी रॅम मागतो, त्यामुळे चालायचा खरा, पण नव्या भागात शिरलं की क्षणभर गोठायचा, नेमका शत्रूने तलवार उगारल्यावर. ८ ची आणखी एक स्टिक टाकली आणि गोठणं जवळपास थांबलं. त्याच आनंदात विंडोजचा टास्क मॅनेजर (मेमरी किती वापरली जातेय ते दाखवणारा) उघडला, तर 'जीपीयू मेमरी' ८ ची १२ जीबी झालेली! मित्राला छाती फुगवून सांगितलं, रॅम टाकली तर ग्राफिक्सही वाढलं. (हसा खुशाल.)

मग एका नव्या गेममध्ये टेक्स्चर (भिंती-जमिनीवर चढवलेली चित्रं) 'हाय'वर ठेवले. भिंतीजवळ गेलो तर भिंत ओला रंग फासल्यासारखी. तीन-चार सेकंद उभं राहिलं की विटा उमटायच्या, कॅमेरा फिरवून परत आलं की पुन्हा तोच चिखल. टास्क मॅनेजरमध्ये 'डेडिकेटेड' (चिपची स्वतःची) ४ ला टेकलेली आणि 'शेअर्ड' (रॅममधून घेतलेली) २ च्या वर. तेव्हा ट्यूब पेटली. त्या १२ मध्ये माझे खरे ४ च होते, उरलेले ८ म्हणजे विंडोजने निम्मी रॅम उसनी धरून दाखवलेला आकडा.

तर प्रश्न असे:
१. रॅम नंतर वाढवता येते, ग्राफिक्स मेमरी येत नाही, म्हणून दुसरा घ्यावा, हा विचार बरोबर आहे का?
२. एकाच स्टिकवर काही महिने काढले तर फार बिघडेल का?
३. ४०७० साठी थांबण्यात अर्थ आहे का?

प्रतिसाद १:
विचार बरोबर आहे. ४०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला २५६ जीबी वेगाने वाचली जाते. ती भरली की उरलेला माल रॅममधून पीसीआयई (चिपला बाकीच्या लॅपटॉपशी जोडणारा रस्ता) ८ लेनवरून आणावा लागतो, तिथे वेग जेमतेम १६. म्हणून तुमच्या विटा उशिरा उमटतात. रॅम ३२ असो नाहीतर ६४, रस्ता तेवढाच अरुंद. आजच्या गेमना ६ म्हणजे काठावर पास: अ‍ॅलन वेक २ मध्ये ६ जीबी ही किमान अट आहे, शिफारस ८ ची. फ्रेम जनरेशन (मधल्या जादा फ्रेम चिपनेच बनवणं) चालू केलं तर ते स्वतःची मेमरी वेगळी खातं.
४०७० साठी थांबू नका. लॅपटॉपमधल्या ४०७० लाही ८ जीबीच असते. ताकद थोडी जास्त, पण तुमचं दुखणं तेच राहील.

प्रतिसाद २:
पहिल्याला अगदीच मोडीत काढू नका. सोल्डर केलेली रॅम बहुधा ड्युअल चॅनलच (एकदम दोन वाटांनी चालणारी) असते आणि वेगवानही. शहरं बांधायचे गेम ढीगभर मॉड (खेळाडूंनीच बनवलेली भर) टाकून खेळत असाल तर ३२ ची खरी किंमत तिथे कळते.
दुसरा घेतलात तर स्टिक मात्र लवकर टाका. एका चॅनलवर डीडीआर५-४८०० (डीडीआर५ हा रॅमचा प्रकार) चा वेग ३८.४ जीबी प्रतिसेकंद, दोनवर ७६.८. सरासरी एफपीएसपेक्षा (सेकंदाला किती फ्रेम) मधले झटके जास्त कमी होतात. आणि सीपीयू-झेडमध्ये (लॅपटॉपच्या भागांची माहिती दाखवणारं अ‍ॅप) '२ x ३२ बिट' दिसलं म्हणून ड्युअल चॅनल झालं असं समजू नका, डीडीआर५ ची एकटी स्टिकसुद्धा तसंच दाखवते. दोन स्टिक असतील तर '४ x ३२' दिसतं.
सगळ्यात आधी वॅट बघा, म्हणजे ग्राफिक्स चिपला किती वीज मिळते ते. लॅपटॉपमधलं ४०६० हे ३५ ते ११५ वॅटपर्यंत कितीचंही असू शकतं. ३५ वालं निघालं तर नावच ४०६०.

धागाकर्ता:
वॅटचं डोक्यातच नव्हतं! जाहिरातीत कुठेच नाही, कंपनीच्या पानावर अगदी तळाशी बारीक अक्षरात सापडलं: १०० वॅट. मॉड वगैरे मी खेळत नाही, म्हणजे दुसराच. आत ४८०० ची स्टिक आहे, दुसरी ५६०० ची टाकली तर चालेल?

प्रतिसाद २:
चालेल, पण दोघी ४८०० नेच धावतील. आतलीवर काय छापलंय ते खोलून बघा आणि तशीच १६ ची आणा.